शके १८५२

फाइल शुक्रवारी सकाळी आली. नदीचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायच्या खानदेशातल्या फड पद्धतीवरचा इंग्रजी लेख, परदेशातल्या एका जर्नलसाठी. संदर्भ ५८. लेखक धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतात. मजकुरातली सायटेशनं आणि शेवटची यादी जुळवायची, सगळं संदर्भ लिहिण्याच्या एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीत बसवायचं आणि प्रत्येक संदर्भ खरोखर अस्तित्वात आहे की नाही ते पाहायचं, हे माझं काम.

बाहेरच्यांना हे स्वल्पविरामांचं काम वाटतं. तेही आहेच. जर्नलचं नाव इटॅलिक, खंडाचा आकडा इटॅलिक, त्याला चिकटून कंसातला अंक मात्र सरळ. मग पानं, आणि पानांच्या दोन आकड्यांमध्ये हायफन नव्हे, त्याहून लांब रेघ. पण माझा खरा वेळ मराठी नावांवर आणि वर्षांवर जातो. सॉफ्टवेअरला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव एवढंच कळतं. कुणी 'देशमुख गोपाळ हरी' असं लिहिलं असेल, तर लोकहितवादी यादीत 'हरी' म्हणून जातात. फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची, पण लेखकाने दिलेलं पान समग्र वाङ्मयाच्या आवृत्तीतलं असतं. मग दोन्ही वर्षं मध्ये तिरकी रेघ देऊन लिहायची, नाहीतर वाचणारा १८७३ च्या पुस्तकात ते पान शोधत बसेल. आमच्याकडे नवीन मुलांना आधी रेफरन्सेसवर बसवतात, कारण ते सोपं समजलं जातं. मला हे कधीच पटलेलं नाही.

दुपारपर्यंत तीन संदर्भ खोटे निघाले. पहिला पकडला तो साध्या वजाबाकीने. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'चा पहिला खंड १९६६ चा, म्हणजे वर्षातून १९६५ वजा केले की खंड मिळतो. यादीत वर्ष २०१८ होतं आणि खंड ४९. यायला हवा ५३. अंक उघडून पाहिले, दोन्हीकडे तो लेख नाही. दुसऱ्याचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, उघडला तर भलत्याच विषयाचा लेख समोर आला. तिसऱ्यात लेखक खरे, जर्नल खरं, फक्त त्या लेखकांनी तसा लेख कधी लिहिलेलाच नव्हता. चॅटबॉटने बनवलेले संदर्भ असेच असतात. मांडणीत एक टिंबही चुकलेलं नसतं.

एकदा तीन सापडले की नजर बदलते. त्या नजरेने मी चौथ्याकडे पाहिलं. एका बंधाऱ्याच्या पंचांनी छापलेली पाणीवाटपाच्या नियमांची पुस्तिका, वर्ष १८५२. डीओआय नाही, आयएसबीएन नाही, प्रकाशक नाही. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफमध्ये नाही, मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचींत नाही. १८५२ साली खानदेशातल्या एका गावच्या पंचांनी नियम छापून घेतले असतील हे मनाला पटेना. मी चारही संदर्भ एकाच क्वेरीत, म्हणजे लेखकाला विचारायच्या शंकेत, टाकले आणि आमचं ठरलेलं वाक्य खाली चिकटवलं: अस्तित्व पडताळता आले नाही, पुरावा द्यावा अथवा वगळावे. चार वाजता फाइल पुढे गेली. संध्याकाळी जर्नलने लेख परत केला. शेरा होता, चार संदर्भ बनावट असल्याचा संशय.

सोमवारी लेखकाचं उत्तर आमच्याकडे फिरून आलं. तीन संदर्भांबद्दल त्यांनी काही लपवलं नव्हतं. जर्नलतर्फे लेख तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने 'अलीकडचे आंतरराष्ट्रीय संदर्भ वाढवा' असं लिहिलं होतं, मुदतीला दोन रात्री राहिल्या होत्या, त्यांनी चॅटबॉटला विचारलं आणि आलेलं तसंच चिकटवलं. हे चुकलंच. पण रिव्ह्यूअरचं ते वाक्य मी इतक्या फाइलींत पाहिलं आहे की लेख न वाचताही ते लिहिता येतं, असं माझं मत झालं आहे. कोणते संदर्भ, कशासाठी, हे कधी लिहिलेलं नसतं.

चौथ्यासाठी त्यांनी फोटो जोडले होते. पिवळा पडलेला कागद, तालुक्याच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का, त्यावर हाताने घातलेला दाखल क्रमांक. शेवटचं पान अस्पष्ट होतं. लेखकांशी थेट बोलायचं नाही असा आमचा नियम आहे. तो मोडून मी त्यांना माझा नंबर कळवला आणि नीट फोटो मागितला. रात्री तो आला. शेवटच्या ओळीत छापलं होतं: माघ शुद्ध ५, शके १८५२.

शक वर्ष चैत्रात सुरू होतं. पौषापर्यंतच्या तारखेला साधारण ७८ मिळवायचे, इंग्रजी वर्ष पालटलं की ७९. माघ म्हणजे ७९. पुस्तिका १९३१ ची होती. लेखक सरांच्या टिपणात 'शके' हा शब्द होता. सॉफ्टवेअरच्या वर्षाच्या रकान्यातून आकडे तेवढे बाहेर पडले.

त्या रात्री मी ती पानं वाचली. पांझरा, मोसम या नद्यांवर ही पद्धत कित्येक पिढ्या चालली: नदीला बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि कोणत्या फडात काय ते गावाने मिळून ठरवायचं. पाटकऱ्याने पाणी कसं द्यायचं, पाटाची सफाई कुणी करायची, पाणी चोरलं तर दंड किती, हे त्या पुस्तिकेत कलमवार छापलं आहे. सरांचा सगळा लेख त्या कलमांवर उभा होता. वरचे तीन संदर्भ काढून टाकले असते तर लेखातला एक परिच्छेदही हलला नसता.

एका मोठ्या प्रकाशन संस्थेने लेखकांना नमुना म्हणून दिलेला एक काल्पनिक संदर्भ सुमारे ४०० वेळा सायटेशन मिळवून बसला होता, हे २०१७ मध्ये उघड झालं. कधीच न लिहिलेला लेख, पण मांडणी बिनचूक आणि रोमन लिपीत, म्हणून तो सगळ्या यंत्रणांतून पुढे गेला. या पुस्तिकेवर शिक्का आहे, दाखल क्रमांक आहे, ती कपाटात आहे, आणि ती मी अडवली.

मी तो संदर्भ नीट तयार केला. वर्ष १९३१, शीर्षक रोमन अक्षरांत, चौकोनी कंसात त्याचा अर्थ. फोटो जोडून जर्नलला कळवलं. उत्तर आलं की निर्णय संपूर्ण हस्तलिखितावर आहे आणि तीन संदर्भ तरीही बनावट आहेत. यावर माझ्याकडे उत्तर नाही, त्यांचं बरोबर आहे. पण त्यांच्या नोंदीत चार लिहिलेलं आहे, आणि तो चौथा माझ्या क्वेरीतून तिथे गेला.

सरांचा फोन आला होता. आवाजात राग नव्हता. तीन संदर्भांबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली. मग थोडं थांबून म्हणाले, "मॅडम, तिकडच्यांना शके कळणार नाही, हे मी समजू शकतो. तुम्ही तर आपल्याच."

मी म्हटलं, "हो सर." पुढे काही सुचलं नाही.

आमच्या टीम लीडरांचं म्हणणं, मी नियमाप्रमाणे वागले. पडताळता आलं नाही हे खरंच होतं. पण मी पडताळलं कुठे, तर जिथे मराठी पुस्तिका नसतातच अशा ठिकाणी. १८५२ मध्ये ७८ मिळवून पाहायला मला दहा सेकंदं लागली असती. घरी आईच्या देवघराशेजारी पंचांग टांगलेलं असतं, त्यावर दर वर्षी शके लिहिलेलं असतं.

परवा जर्नलला तिसरी मेल पाठवली. लेख पुन्हा विचारात घ्या असं त्यात म्हटलेलं नाही. नोंदीत चारच्या जागी तीन करा, एवढंच मागितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.