तुम्ही विचारलंत म्हणून: बाग कंपनीला दिली तर बिघडलं काय?

नागपूरचं अंबाझरी उद्यान कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून आम्ही सह्या गोळा करायला उभे राहिलो की कुणीतरी थांबून विचारतंच, "महापालिकेले बाग सांभाळता येत नाही. झोपाळे तुटले, कारंजी बंद. कंपनी येऊन चकाचक करून देते, तर तुम्ही काहून अडवून राहिल्या, ताई?"

विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. त्यांची नातवंडं तुटक्या घसरगुंडीवरूनच परत आलेली असतात. म्हणून नीट सांगते.

बागेची देखभाल कंत्राटावर द्यायला माझा विरोध नाही. माळी, झाडलोट, दिवाबत्ती या कामांचं कंत्राट निघतं, काम वाईट झालं तर रद्द होतं, आणि जाब विचारायला नगरसेवक असतो. दशकांच्या भाडेपट्ट्याची गोष्ट वेगळी. पैसा गुंतवणारा तो वसूल करणारच, त्यात त्याचा दोषही नाही. पण वसुली म्हणजे तिकीट, पाळणे, खाण्याचे स्टॉल आणि आपल्या नागपुरात हमखास लग्नाचं लॉन. फाटक कधी उघडायचं, कुणाला आत घ्यायचं, हे मग तो ठरवतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा झाडाखाली कोण बसलेलं असतं ते एकदा बघून या. दोन ऑर्डरींच्या मधे पाठ टेकणारी डिलिव्हरीची पोरं, चार घरची भांडी उरकून आलेल्या बाया, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली मुलं. फाटकावर तिकीट लागलं की सगळ्यात आधी हेच लोक बाहेर राहतील. या माणसांसाठी मी भांडते.

शिवाय ही जागा नुसती हिरवळ नाही. तलाव भोसल्यांच्या काळातला, नाग नदी तिथूनच शहरात शिरते. 23 सप्टेंबर 2023 च्या पावसात तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, हे शहर विसरलेलं नाही. पाणी मुरायला जी मोकळी जमीन उरली आहे, तिच्यावर आणखी काँक्रीट कशाला? उद्यानाच्या आवारातलं आंबेडकर भवन 2021 मध्ये पाडलं गेलं. त्याविरोधात बाया महिनोन्‌महिने धरण्यावर बसल्या. जागा आपली आहे, एवढंच त्या सांगत होत्या.

"कोर्टात टिकेल का हे?" असंही विचारतात. लखनौच्या अमीनाबादेतल्या झंडेवाला पार्कखाली महापालिकेनं निविदा न काढता एका बिल्डरला भूमिगत बाजार बांधायला दिला होता. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला लावली. बंगळुरात उद्यानाचा राखीव भूखंड खासगी नर्सिंग होमला दिला, तेव्हा आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले. 1991 मध्ये तेही जिंकले. हेतू दवाखान्याचा होता, तरी उद्यान उद्यानच राहिलं! आम्हाला धीर येतो तो या निकालांमुळे.

आपल्या राज्यात विकास आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे कुठली जागा कशासाठी राखीव ते, बदलायचं तर 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 प्रमाणे सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिन्याची, आणि हरकत कुणीही घेऊ शकतं. हा महिना बहुतेकदा कुणाच्या लक्षातच न येता निघून जातो, कारण वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरं कोण वाचतो? आमचं निम्मं काम तेवढंच आहे. सूचना शोधायची, साध्या मराठीत लिहून वस्तीत वाटायची.

करारही मागवून वाचा. माहितीच्या अधिकारात अर्ज केला की 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. किती वर्षांसाठी, किती भाड्यानं आणि मुदत संपल्यावर बांधकाम कुणाचं, एवढं आधी बघा. हरकत लिहाल तेव्हा जागेचा खसरा क्रमांक (जमिनीच्या नोंदीतला नंबर) टाका, कशाला विरोध आहे ते दोन ओळींत लिहा, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. लिहिता येत नसेल तर आमच्याकडे या, आम्ही सोबत बसून लिहून देऊ.