‘डर्ट रॅली’ खेळताना ब्रेक कुठे जात होता : माझा अनुभव

कोडमास्टर्स या इंग्लंडमधील कंपनीने २७ एप्रिल २०१५ रोजी ‘डर्ट रॅली’ हा मोटार रॅलीचा (कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर वेळेविरुद्ध टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या शर्यतीचा) संगणकावरचा खेळ जाहीर केला आणि त्याच दिवशी तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात अर्ली अ‍ॅक्सेस स्वरूपात विक्रीलाही ठेवला. अर्ली अ‍ॅक्सेस म्हणजे अजून तयार होत असलेला खेळ आधीच विकत घ्यायचा, तो खेळता खेळता निर्मात्यांना अभिप्राय द्यायचा आणि उरलेला भाग पुढच्या महिन्यांत हप्त्याहप्त्याने मिळवायचा. मी तो लगेच घेतला. खरेदी आणि डाउनलोड यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, दोन्ही गोष्टी विनातक्रार पार पडल्या. त्यानंतर संगणकाला जोडायच्या स्टिअरिंग व्हीलच्या पेडलांवरून जे सुरू झाले, त्याबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. अजूनही व्हीलच्या सेवा केंद्राचा फोन नंबर यादीत दिसला की माझी चिडचिड होते, आणि माझ्यासारखे व्हील घेतलेल्या इतरांचे आठवडे तरी वाया जाऊ नयेत असे मला मनापासून वाटते.

आधी खेळाबद्दल. सुरुवातीला त्यात तीन ठिकाणे होती : वेल्समधील पॉइस, ग्रीसमधील आर्गोलिस आणि मोंटे कार्लो. वेल्समध्ये ओली खडी, चिखल आणि झाडी आहे. ग्रीसमध्ये कोरडी, दगडगोट्यांची वाट आहे आणि तिच्या एका बाजूला दरी असते, जिला बहुतेक जागी कठडाच नाही. मोंटे कार्लोत १६०७ मीटर उंचीच्या कोल द तुरिनी या घाटातला डांबरी रस्ता आहे, ज्यावर मध्येच बर्फ लागतो आणि पुढच्याच वळणावर पुन्हा कोरडे डांबर येते. या मालिकेतील अलीकडच्या खेळांमध्ये गाडी आपटली की वेळ मागे फिरवून तेच वळण पुन्हा घेता येत असे. ती सोय इथे काढून टाकली आहे. दिवा फुटला तर फुटला, आणि रात्रीचा टप्पा असेल तर उरलेले अंतर एका दिव्यावर काढावे लागते. टप्प्यांच्या मध्ये दुरुस्तीसाठी मर्यादित वेळ मिळतो, त्यात रेडिएटर आधी की सस्पेन्शन आधी हे ठरवावे लागते. मला हा कठोरपणा अतिशय आवडला. तो हटवादी वाटत नाही, कारण प्रत्येक अपघातानंतर तो का झाला हे स्पष्ट दिसते.

खरी मजा पेसनोट्समध्ये, म्हणजे शेजारी बसलेला सहचालक पुढच्या वळणांबद्दल वाचून दाखवतो त्या सूचनांमध्ये, आहे. सहचालकाचा आवाज पॉल कोलमन यांचा आहे. ते या खेळाचे मुख्य रचनाकार असून स्वतः खऱ्या रॅलीत सहचालक म्हणून बसलेले आहेत, आणि त्यांच्या वाचनाची लय ऐकताना ते जाणवते. वळणांना एक ते सहा असे आकडे आहेत : एक म्हणजे फार तीव्र वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळच. त्याला ‘टाइटन्स’ (वळण पुढे आवळते), ‘ओपन्स’ (पुढे सुटते), ‘लाँग’ (लांब), ‘डोन्ट कट’ (आतला कोपरा कापू नका), ‘ओव्हर क्रेस्ट’ (चढाच्या माथ्यावरून) अशा सूचना जोडल्या जातात. आपल्या घाटात ट्रकचा क्लीनर दाराबाहेर डोकावून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो, तेव्हा चालक आरशापेक्षा त्याच्या आवाजावर विसंबतो. तसाच विश्वास इथे ठेवावा लागतो, मात्र तो अजून न दिसलेल्या वळणासाठी. समोर चढ आहे, पलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि कानात ‘लेफ्ट फाइव्ह ओव्हर क्रेस्ट’ आले की पाय न उचलता जायचे. ही सवय लागली की बाकीचे खेळ मुके वाटू लागतात. (इथेच सांगून ठेवतो : ध्वनीच्या सेटिंगमध्ये सहचालकाचा आवाज पूर्ण ठेवावा आणि इंजिनाचा थोडा कमी करावा. मी सुरुवातीपासून तसेच ठेवले, याचा मला फायदाच झाला.)

आता ब्रेक. खेळातील करिअरची सुरुवात साठच्या दशकातील गाडीने करायची असते. मी मिनी कूपर घेतली, कारण या छोट्या गाडीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मोंटे कार्लो रॅली जिंकली होती आणि ती कशामुळे जिंकली हे मला हाताने अनुभवायचे होते. मिनीची पुढची चाके इंजिनाशी जोडलेली असतात. अशा गाडीला खडीवर वळवण्याची एक जुनी युक्ती आहे, जी राउनो आल्टोनेन आणि तिमो मॅकिनेन या फिनलंडच्या चालकांनी मिनीत वापरून गाजवली : उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबलेलाच ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेक मारायचा. पुढच्या चाकांना इंजिन फिरवत ठेवते, त्यामुळे ती अडकत नाहीत. मागची चाके मात्र अडकतात, वजन पुढे सरकते, आणि गाडीचा मागचा भाग वळणाच्या बाहेर झुकून नाक आपोआप आत येते. दोन्ही पेडले एकाच वेळी दाबणे हा या युक्तीचा प्राण आहे.

माझ्याकडे मात्र असे केले की गाडी काहीच करत नसे. वेग वाढत नसे, कमीही होत नसे, जणू दोन्ही पाय जमिनीवर ठेवले आहेत अशी ती वेल्सच्या चिखलावरून सरळ झाडीत जाई. एकेक पेडल वेगळे दाबले तर दोन्ही व्यवस्थित चालत. इतर रेसिंगच्या खेळांत हे कधीच झाले नव्हते. ओळखीतल्या ज्याला विचारावे तो एकच उत्तर देई : खेळ अपूर्ण आहे, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये असे चालायचेच, पुढच्या अपडेटची वाट बघ. हे उत्तर इतके सोयीचे होते की ते तपासून पाहावे असे कोणालाच वाटत नव्हते.

मला ते पटले नाही. ज्या खेळात बर्फावरून डांबरावर जाताना स्टिअरिंगचा भार बदललेला हाताला कळतो, त्या खेळात दोन पेडले एकत्र दाबण्याचा विचारच झाला नसेल हे शक्य वाटत नव्हते. व्हील वॉरंटीत होते, म्हणून मी ते बनवणाऱ्या कंपनीच्या पुण्यातील अधिकृत सेवा केंद्रात गेलो. कंपनीचे नाव लिहीत नाही. तिथे मला एक छापील अर्ज मिळाला, ज्यात बिलाची प्रत, अनुक्रमांक, विंडोजची आवृत्ती आणि ‘कोणत्या खेळात अडचण येते’ असे रकाने होते. मी खेळाचे नाव लिहून पुढे प्रामाणिकपणे ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ असे लिहिले, आणि तेथून सगळे अडले. काउंटरवरच्या व्यक्तीने ते दोन शब्द वाचले आणि अर्ज परत सरकवला. बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या, खेळांसाठी तक्रार नोंदवता येत नाही, असे मला सांगण्यात आले. मी म्हटले की अडचण पेडलांची आहे, तुम्ही निदान ती जोडून पाहा. उत्तर मिळाले की व्हील आत घेण्यासाठी आधी तक्रार नोंदलेली असावी लागते.

त्यानंतर मी ईमेलने तक्रार केली. दर वेळी नवी व्यक्ती उत्तर देई आणि दर वेळी बिलाची प्रत पुन्हा मागे. मधल्या काळात एकाने पेडलांचा पूर्ण संच बदलावा लागेल, तो स्वखर्चाने मुंबईला पाठवा, असे कळवले. पेडले न पाहताच हे निदान झाले होते. फोनवर मी डाव्या पायाने ब्रेक मारण्याची गोष्ट समजावून सांगितली, तेव्हा समोरून ‘सर, दोन्ही एकदम दाबायचे नसतात’ असा सल्ला मिळाला. ज्या पुण्यातून संजय टकले यांच्यासारखे चालक आशिया-पॅसिफिक रॅली स्पर्धेपर्यंत गेले आहेत, तिथे रेसिंगची उपकरणे विकणाऱ्या कंपनीच्या सेवा विभागाला रॅलीतील सर्वांत प्राथमिक तंत्र ऐकूनही माहीत नसावे, याचा मला खरोखर राग आला. ज्याला ते तंत्र माहीत नाही त्याने निदान तक्रार लिहून घेऊन वर पाठवायला हवी होती.

शेवटी उत्तर मी स्वतः शोधले, आणि त्याचा मला अभिमान आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये गेम कंट्रोलर्सची एक खिडकी असते. तिथे व्हीलवर क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की प्रत्येक पेडलाची पट्टी दिसते. माझ्याकडे अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक यांच्यासाठी मिळून एकच पट्टी होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती एका टोकाला जाई, ब्रेक दाबला की दुसऱ्या, आणि दोन्ही सारखे दाबले की बरोबर मधोमध येऊन थांबे. म्हणजे संगणकापर्यंत दोन पायांची वजाबाकी पोहोचत होती. खेळाला ‘शून्य’ एवढेच कळत होते आणि तो त्याप्रमाणे अचूक वागत होता.

ही पद्धत जुन्या काळाची आहे. पूर्वीच्या पुष्कळ खेळांना जॉयस्टिकचा एकच उभा अक्ष समजत असे, त्यांच्यासाठी दोन्ही पेडले एका अक्षावर बसवण्याची सोय व्हीलच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवलेली असते. तिला कम्बाइन्ड पेडल्स म्हणतात. माझ्या व्हीलचे सॉफ्टवेअर प्रत्येक ओळखीच्या खेळासाठी वेगळे प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, वापरत होते. त्यामुळे आधीचे खेळ नीट चालत. जो खेळ त्याच्या यादीत नव्हता, त्याला ते मूळ प्रोफाइल लावी, आणि त्या मूळ प्रोफाइलमध्ये कम्बाइन्ड पेडल्ससमोर खूण केलेली होती. ‘डर्ट रॅली’ नुकताच आलेला असल्यामुळे यादीत असणे शक्यच नव्हते. ती खूण काढली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केले, खेळात जाऊन दोन्ही पेडले नव्याने नेमून दिली, आणि काम झाले. दोष पूर्ण तयार होऊन बाजारात आलेल्या, वॉरंटीसह विकलेल्या वस्तूच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. ज्या खेळावर सगळे बोट ठेवत होते तो मात्र बरोबर होता. सेवा केंद्राला मी हे सविस्तर लिहून कळवले, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या पुढच्या माणसाला एका ओळीत उत्तर देता आले असते. उत्तरादाखल ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे’ असा संदेश आला, जरी माझी तक्रार त्यांनी कधी नोंदवलीच नव्हती.

त्या संध्याकाळी मी मिनी घेऊन वेल्समधील स्वीट लॅम्बच्या टप्प्यावर गेलो. पहिल्याच हेअरपिनला, म्हणजे जवळजवळ मागे वळवणाऱ्या वळणाला, उजवा पाय न उचलता डावा पाय हलकेच दाबला आणि गाडीचा मागचा भाग माझ्या मनात होता तितकाच फिरला. मी मोठ्याने ओरडलो. साठच्या दशकातील चालक एवढ्याशा इंजिनाच्या गाडीने मोठ्या गाड्यांना कसे मागे टाकत असतील हे त्या एका वळणात कळले. नंतर लॅन्सिया फुल्व्हिया घेतली, जी १९७२ सालच्या मोंटे कार्लो रॅलीत सांद्रो मुनारी यांनी जिंकवली होती. तीही पुढच्या चाकांवर चालते आणि तिच्यातही हाच डावा पाय उपयोगी पडतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या फोर्ड एस्कॉर्टमध्ये मात्र सगळे हिशेब बदलतात, म्हणून तिच्याकडे घाईने जाऊ नये. तीव्र वळणावर अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला की ती गिरकी घेते, आणि ग्रीसमध्ये गिरकी म्हणजे दरी.

आता आठवतील तशा काही सूचना देतो. व्हील यूएसबी हबमधून न जोडता थेट संगणकाला जोडावे. गुळगुळीत फरशीवर पेडले पुढे सरकतात, त्यामुळे ती भिंतीला टेकवून ठेवावीत आणि चाकांची खुर्ची वापरू नये, कारण जोरात ब्रेक मारला की आपण स्वतःच मागे जातो. स्टिअरिंगचा फिरण्याचा कोन ९०० अंश ठेवला तर हेअरपिनमध्ये हात पुरत नाहीत. मी तो ५४० अंशांवर आणला आणि तो मला योग्य वाटतो. ब्रेकची सॅच्युरेशन कमी केली तर पेडल पूर्ण न दाबताही पूर्ण ब्रेक लागतो, ज्यांचे पेडल फार कडक आहे त्यांना याचा उपयोग होईल. रोजच्या आव्हानात एकच प्रयत्न मिळतो, म्हणून त्याआधी त्याच ठिकाणचा एखादा टप्पा मोकळा चालवून हात बसवून घ्यावा. गाडीच्या आतला कॅमेरा सुरुवातीला अवघड वाटतो, पण पेसनोट्सवर विसंबायला तोच शिकवतो.

तीन ठिकाणे कमी नव्हती का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर आहे की आर्गोलिसचा उताराचा एकही टप्पा मला अजून गाडी शाबूत ठेवून पार करता आलेला नाही. निर्मात्यांनी पुढच्या महिन्यांत आणखी गाड्या आणि ठिकाणे देण्याचे तेव्हा सांगितले होते. पण तेव्हा जे हातात होते त्यासाठी दिलेले पैसे मला पूर्ण वसूल झाल्यासारखे वाटतात. एक गोष्ट मात्र दर वेळी तपासावी. व्हीलचे सॉफ्टवेअर अपडेट झाले की माझ्याकडे कम्बाइन्ड पेडल्सची खूण पुन्हा आपोआप लागते, तेव्हा खेळ सुरू करण्याआधी गेम कंट्रोलर्सची खिडकी उघडून दोन्ही पेडले एकदम दाबावीत आणि दोन वेगळ्या पट्ट्या हलताना दिसल्यावरच टप्प्यावर जावे.