आठ स्क्रू

लोअर परळच्या त्या गुंतवणूकदारांच्या ऑफिसात आमचा डबा टेबलावर ठेवला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. 2022 चा नोव्हेंबर. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने आलो होतो. भागीदाराने डबा रात्रभर मांडीवर धरला होता, बर्थखाली कोणाची बॅग लागून अँटेना मोडेल म्हणून. माझ्याकडे लॅपटॉप आणि लीलो चेवड्याची दोन पाकिटं. चेवडा आईने दिला होता, 'त्यांना दे' म्हणून. तो बॅगेतच राहिला.

डबा म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर नजर ठेवणारं यंत्र. शेताच्या कडेला खांबांवर जो ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याला महाराष्ट्रात डीपी म्हणतात आणि आमच्याकडे टीसी, त्याला हे बसवायचं. तिन्ही फेजचा करंट, तेलाचं तापमान आणि तेलाची पातळी मोजून दर पंधरा मिनिटांनी सिमवरून पाठवायचं. टीसी एका दिवसात जळत नाही. एका फेजवर जास्त मोटारी पडतात, तेल तापत जातं, कधी तेलच चोरीला जातं. कोणी पाहत नसतं एवढंच. कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आम्ही दोघं इलेक्ट्रिकलला होतो. गावात ट्रान्सफॉर्मर बनवणारे कारखाने, मकरपुऱ्यात एर्डाची टेस्टिंग लॅब, साचे करणारे, पीसीबी भरणारे सगळे स्कूटरच्या अंतरावर. हे यंत्र बडोद्यात नाही बनणार तर कुठे, असं वाटायचं. अजूनही वाटतं.

मागणी होती दीड कोटींची, कंपनीतल्या 12 टक्के हिश्शाच्या बदल्यात. म्हणजे कंपनीची किंमत साडेबारा कोटी. हा आकडा कुठून आला ते विचारू नका. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर एका रविवारी ठरला होता.

समोर तिघं होते. दोघं तरुण, त्यांनी अपेक्षित तेच विचारलं. मोडेम टूजी का, फोरजी का नाही? दर महिन्याला वर्गणी येईल असं काही आहे का? बाजार किती मोठा? याची उत्तरं पाठ होती. पादऱ्याजवळच्या एका 100 केव्हीएच्या टीसीचा आलेखही मी दाखवला. त्याचा पूर्ण भाराचा करंट 133 अँपिअर. आमच्या यंत्राने एका फेजवर 151 दाखवले, दुसऱ्यावर 62. लाइनमनने दोन जोडण्या फिरवल्या आणि चार दिवसांत तेल थंड. मान डोलावणं वगैरे झालं.

तिसरे गृहस्थ साठीचे. आमची आडनावं वाचून ते मराठीत बोलू लागले. पूर्वी कारखान्यात असावेत, कारण स्लाइडकडे त्यांनी बघितलंच नाही. डबा उलटा करून त्यांनी विचारलं, "स्क्रू ड्रायव्हर आहे?"

होता. त्यांनी झाकण उघडायला घेतलं. एक, दोन, तीन... आठ स्क्रू काढून टेबलावर ओळीत ठेवले.

"आठ का?"

याचं उत्तर आमच्याकडे होतं, आणि भागीदाराने ते जरा अभिमानानेच दिलं. पहिल्या डिझाइनला चारच होते. 2021 च्या पावसाळ्याआधी बारा यंत्रं फुकटात बसवून दिली, आणि ऑगस्टपर्यंत त्यांतली तीन मेली. दोन स्क्रूंच्या मधे झाकण किंचित वाकायचं, तिथे गॅस्केट दबत नव्हतं, पाणी आत. म्हणून मधे चार स्क्रू वाढवले. समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, म्हणजे दाब सारखा पडतो. त्यानंतर एकही यंत्र पाण्याने गेलेलं नव्हतं.

"छान. एक नग जोडायला किती वेळ?"

"चाळीस मिनिटं," मी म्हणालो. त्यातला निम्मा वेळ सीटी, म्हणजे करंट मोजणारी कॉइल, कॅलिब्रेट करण्यात जायचा, हेही सांगितलं.

"कोण जोडतं?"

"आम्ही दोघं."

ते हसले नाहीत. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि आम्हाला बोलत राहायला लावलं. समजा, 500 नगांची ऑर्डर आली. माल 5,200 रुपये नगाला, म्हणजे 26 लाख. वर जीएसटी. पैसे कधी द्यावे लागतात? सगळे आगाऊ, नवीन कंपनीला कोण उधार देतो? माल यायला 8 आठवडे. हेही बरे दिवस. 2021 मध्ये मायक्रोकंट्रोलरला वर्ष-वर्ष थांबा सांगत होते, आणि व्यापाऱ्याकडे तीच चिप कित्येक पट भावाने मिळायची. पीसीबी भरायला 2 आठवडे. जोडणी: 500 गुणिले 40 मिनिटं म्हणजे 333 तास, दोन माणसं आठ-आठ तास बसली तर 21 दिवस. तपासणी आणि पाठवणी 2 आठवडे. गिऱ्हाईक वीज कंपनी, पैसे कधी?

"नव्वद दिवस," मी म्हणालो. खरं तर हा ऐकीव आकडा होता. आम्हाला एकाही नगाचे पैसे कधी मिळालेच नव्हते.

त्यांनी बेरीज केली. 195 दिवस. खाली रेघ मारून कागद आमच्याकडे सरकवला.

"पहिला रुपया गेला की साडेसहा महिन्यांनी परत येणार. वर 10 टक्क्यांची बँक गॅरंटी मागतील, त्यासाठी एफडी ठेवाल. मधेच दुसरी ऑर्डर आली तर?"

ऑर्डर येणं हेच संकट ठरू शकतं, हे कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि आम्ही ऐकलं नसेल. आमच्या स्लाइडवर नगाची किंमत होती, नफा होता, पाच वर्षांचा चढता आलेख होता. दिवस कुठेच नव्हते.

मी कायदा काढला. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात, 2006 चा कायदा आहे. ते म्हणाले, "हो. आणि ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी, त्याच्याविरुद्ध तक्रार करणार आहात का?"

मग जे बोलले ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. "दीड कोटीतले एक कोटी पाच लाख तुम्ही माल अडकवायला मागताय. तेवढ्यासाठी कंपनीचा तुकडा कशाला विकता? हे बँकेचं काम आहे."

वीस मिनिटांत आम्ही खाली रस्त्यावर. भागीदार चिडला होता. म्हातारा स्क्रू मोजत बसला, असं परतीच्या गाडीत भरूचपर्यंत चालू होतं. मी गप्प होतो, कारण कागद माझ्या खिशात होता.

बँकेचंही सांगून टाकतो. सरकारच्या सीजीटीएमएसई योजनेत लघुउद्योगाच्या तारणाशिवायच्या कर्जाला हमी मिळते, पण ती केव्हा, तर बँकेने कर्ज द्यायचं ठरवल्यावर. मॅनेजरसाहेबांना तीन वर्षांचे ताळेबंद आणि हातातली ऑर्डर हवी होती. ऑर्डरसाठी टेंडर भरायचं तर आधी माल पुरवल्याचा अनुभव हवा. स्टार्टअपला ही अट शिथिल करता येते असं नियमात आहे. करता येते, करतातच असं नाही. आणि अनुभव म्हणून दाखवायला आमच्याकडे काय, तर फुकट दिलेली बारा यंत्रं. त्या बारांचे निम्मे जरी पैसे घेतले असते, तर निदान एक बिल असतं, एक पोच असती, आणि नव्वद दिवस की दोनशे हे स्वतःच्या अनुभवाने कळलं असतं. तेव्हा वाटलं होतं, फुकट दिल्याने दार उघडेल. उघडलंही, पण ज्या साहेबांनी उघडलं त्यांना खरेदीचा अधिकारच नव्हता.

दुसरा रस्ता होता: वीज कंपनी सोडून खाजगी कारखान्यांना विकायचं, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. मी तसं सुचवलं. पण भागीदाराला गावोगावच्या टीसीचं स्वप्न सोडवत नव्हतं, आणि तोपर्यंत दोघांच्या घरचे पैसे संपत आले होते. 2023 च्या उन्हाळ्यात त्याने पुण्यात नोकरी धरली. भांडण झालं नाही. कंपनी बंद करताना सरकारी नोंदीतून नाव काढून घ्यायला एसटीके-2 फॉर्म भरावा लागतो, फी 10,000 रुपये. ती आम्ही पाच-पाच हजार वाटून भरली.

डब्याचा साचा राहिला होता मकरपुऱ्यात, मोल्डवाल्या काकांकडे. जागा अडते म्हणून त्यांचे दोन फोन आले, तेव्हा गेलो. भंगारात पोलादाच्या वजनाने जाणार होता. काकांनी त्यावरची धूळ फडक्याने पुसली आणि जास्तीच्या चार स्क्रूंच्या जागांवर बोट ठेवलं. हे वाढवून घ्यायला आम्ही आलो होतो तेव्हा ते म्हणाले होते, "ढांकणुं जाडुं करो, स्क्रू ओछा करो." झाकणाला आतून फासळ्या द्या, मग ते वाकणार नाही, चार स्क्रू पुरतील. त्याला एक आठवडा जास्त लागला असता. एर्डाच्या चाचणीची तारीख ठरली होती, म्हणून आम्ही स्क्रूच वाढवले.

"काका, फासळ्यांचा खर्च किती आला असता?"

त्यांनी साच्यावर हात फिरवून पाहिला. "आठ-दहा हजार," म्हणाले, आणि पोराला वजनकाटा आणायला सांगितलं.