अख्खं पान ठेवण्याचं कारण

"राजकीय व्यंगचित्र म्हणजे त्या आठवड्याची बातमी. आठवडा उलटला की शिळं. मग ही जुनी वर्तमानपत्रं कशाला साठवता? आणि साठवायचंच तर नुसतं चित्र कापून वहीत का चिकटवत नाही?" घरी येणारं जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतं. आज तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

व्यंगचित्रकाराने आणि वाचकाने सकाळी एकच बातमी वाचलेली असते. त्यामुळे त्याला निम्मंच काढावं लागतं. उरलेलं निम्मं शेजारच्या रकान्यांत छापलेलं असतं. चित्र सुटं केलं की ते निम्मं रद्दीत जातं.

अबू अब्राहम यांचं १० डिसेंबर १९७५चं चित्र घ्या. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये आहेत. दाराच्या फटीतून आलेल्या हाताकडे ते सही केलेला कागद देतात आणि सांगतात, आणखी अध्यादेश असतील तर त्यांना जरा थांबायला सांग. आज हे पाहणारा हसतो, कारण राष्ट्रपती अंघोळ करताहेत. पण आणीबाणीला तेव्हा पाच महिने उलटून गेले होते, आणि त्याच आठवड्यात 'आक्षेपार्ह' मजकुराच्या छपाईला आळा घालणारा अध्यादेश निघाला होता. तो ज्या छपाईवर होता त्याच छपाईत हे चित्र 'इंडियन एक्स्प्रेस'मधून लोकांच्या हाती पडलं. सेन्सॉरच्या काळात! अबू त्या वेळी राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्यही होते. हे कळल्यावर ते चित्र मला हसवत नाही, त्या माणसाच्या धैर्याने मी थक्क होतो.

आठवडा हरवला की काय होतं, ते २०१२ साली आपण पाहिलं. शंकर यांनी १९४९मध्ये काढलेलं चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होतं. राज्यघटना नावाच्या गोगलगाईवर डॉ. आंबेडकर बसलेले, मागे नेहरू चाबूक उगारून उभे. संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे प्रमुख सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. संविधान सभा डिसेंबर १९४६पासून बसत होती, एवढा वेळ का लागतोय हा तेव्हाचा प्रश्न होता. चित्र त्या उशिरावर होतं. तोडफोडीचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण बाबासाहेबांच्या मागे उगारलेला चाबूक ज्यांना खुपला, त्यांना विनोद कळत नाही असंही मी म्हणणार नाही. या देशात त्या चाबकाला फार जुना अर्थ आहे, आणि तो १९४९ सालीही होता. अख्खं पान समोर असेल तर या दोन्ही गोष्टी एकत्र बोलता येतात. सुट्या चित्रावर नुसतं भांडण होतं.

आपल्याकडे 'मार्मिक' हे व्यंगचित्र-साप्ताहिक १९६० साली सुरू झालं. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते. त्यातल्या बाळासाहेब ठाकरे यांच्या 'रविवारची जत्रा'त आठवड्याच्या घडामोडी चित्रांच्या गर्दीत मांडलेल्या असत. त्यातले काँग्रेस नेते स. का. पाटलांसारखे चेहरे आजच्या पंचविशीतल्या मुलांना ओळखू येत नाहीत. ती चित्रं पाहायची तर शेजारी त्या काळच्या बातम्या हव्यातच.

आर. के. लक्ष्मण यांचा धोतर आणि चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस मात्र सुटाही तग धरतो. लक्ष्मण अनेकदा बातमीपेक्षा ती ज्याच्या डोक्यावर येऊन आदळते तो माणूस काढत. पण ही ताकद फार थोड्यांची, आणि सगळ्यांकडून तिची अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. त्या आठवड्यापुरतं, त्या आठवड्यातल्या सत्तेला टोचणारं चित्र काढणं हेही पूर्ण काम आहे.

आता चित्रं फोनवर येतात. सही कापलेली, तारीख नाही, कधी कधी मूळ ओळ पुसून दुसरीच घातलेली. दहा वर्षांपूर्वीचं चित्र आजच्या नेत्यावर म्हणून फिरतं आणि लोक त्यावरून हमरीतुमरीवर येतात. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. एखादं चित्र आवडलं तर जरूर पाठवा, पण चित्रकाराची सही राहू द्या, आणि खाली तारीख व कुठल्या बातमीवर आहे ते एका ओळीत लिहा.