१२९ पासून सुरू कर

बहिणीचा मुलगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला आणि त्याच रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "मावशे, एक्स-मेन वाचपाचें आसा. खंयसून सुरू करूं?"

एक्स-मेन म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्या माणसांचं, म्युटंटांचं, अमेरिकन कॉमिक. त्यावरची 'एक्स-मेन ९७' ही कार्टून मालिका त्याने आधीच पाहून संपवली होती. आता मुळापासून वाचायचं म्हणून पठ्ठ्याने अ‍ॅपवर सप्टेंबर १९६३चा पहिला अंक उघडला. सहा अंक कसेबसे ओढले आणि सातव्यात रुतला. सातव्यात ब्लॉब नावाचा लठ्ठ खलनायक परत येतो. तो एकदा उभा राहिला की कोणाच्या बापाला हलत नाही. भाच्याचंही तेच झालं.

मी लिहिलं, "१२९ पासून."

"आनी आदले एकशें अठ्ठावीस?"

"उरूं दी."

त्याला ते पटलं नाही. पोरगा गणिताचा, एकापासून मोजायची सवय. म्हणून हे सविस्तर लिहितेय. त्याच्यासाठी, आणि अशाच रुतलेल्या इतरांसाठी.

माझी स्वतःची सुरुवात तर क्रमांकच नसलेल्या अंकाने झाली. गोव्यात हरमलला घरामागच्या दोन खोल्या आई विदेशी लोकांना भाड्याने द्यायची. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शिवोलीचा पूल व्हायचा होता, म्हापशाला बाजाराला जायचं तर चोपड्याला फेरीबोट धरावी लागे. माणसं ऑक्टोबरात यायची, उकाडा वाढला की जायची आणि ओझं नको म्हणून पुस्तकं इथेच टाकून जायची. आई त्यांची प्रतवारी कागदावरून करायची. गुळगुळीत कागद कपाटाच्या खणात अंथरायला, खरबरीत कागद सुके बांगडे बांधायला. कॉमिकचा कागद खरबरीत.

सातवीच्या मे महिन्यात मला त्या गठ्ठ्यात एक कॉमिक सापडलं. कव्हर नव्हतं. शेवटची पानंही नव्हती, ती बांगड्यांबरोबर कोणाच्या तरी घरी पोचली असणार. उरलेल्या पानांत एक काळी, पांढऱ्या केसांची बाई होती. डोक्याच्या दोन्ही बाजू भादरून मध्ये तुरा ठेवलेला, आणि नुसती पडून होती. आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं, त्यामुळे शब्दकोश घेऊन बसले. दोन दिवसांनी गोष्ट लागली. ही बाई पूर्वी वारा-पाऊस बोटांवर खेळवायची, आभाळात उडायची. कोणा दुसऱ्यावर रोखलेली बंदूक हिला लागली आणि ते सगळं गेलं. आता एका माणसाने तिला आपल्या घरी ठेवून घेतलंय, जेवूखाऊ घालतोय, आणि ती हळूहळू त्याच्याकडे ओढली जातेय. मग एक फोन येतो आणि तिला कळतं की ती बंदूक त्यानेच बनवली होती.

इथे माझी पानं संपली.

मी आईला चित्र दाखवलं. तिने विचारलं, "ही पावस पाडटा?" मी म्हटलं, पाडायची, आता नाही येत. आई हातातली सुरी थांबवून म्हणाली, "मगे कितें करता ती?"

तो अंक 'अनकॅनी एक्स-मेन'चा (त्याच मूळ मालिकेचं पुढचं नाव) १८६वा होता. ऑक्टोबर १९८४, लेखक ख्रिस क्लेअरमाँट, चित्रं बॅरी विंडसर-स्मिथची. बाईचं नाव स्टॉर्म. हे मला वीस वर्षांनी कळलं. आईने विचारला तोच त्या अख्ख्या अंकाचा प्रश्न आहे, हे मात्र त्याच दिवशी कळलं होतं.

तेव्हा मधूनच घुसलं तर समजेल का, ही भीती मला कधी वाटलीच नाही. आणि वाटावी तरी का? आपल्याकडे जत्रेत दशावतारी नाटक कोण सुरुवातीपासून बघतं? आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासूर येऊन हसवून जातो. मुरलेली मंडळी तोवर खाज्याच्या दुकानाशी उभी असतात आणि मुख्य आख्यान सुरू व्हायच्या बेताला येऊन चटईवर बसतात. समोरचा राजा कुठल्या पुराणातला, हे पाच मिनिटांत कळतंच, कारण तो स्वतःच सांगतो. आडदशावतार वाईट असतो असं नाही. म्हातारपणी मला तो जास्त आवडायला लागलाय. पण पहिल्यांदा नाटकाला आलेल्या पोराला तिथे बसवलं तर ते आख्यान लागायच्या आत झोपतं.

वेताळाचंही तसंच. 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतही निघायचं आणि त्यातला वेताळ हा त्या घराण्यातला एकविसावा. आधीचे वीस कुठे आहेत, असं आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला पडायचा तो प्रश्न वेगळाच. गोव्यातला बेताळ रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा वाहतात. कॉमिकमधल्याला कोणी का वाहत नाही? माझ्या थोरल्या भावाने निकाल दिला होता: तो घोड्यावरून फिरतो.

तर १९६३. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची ही पाच शाळकरी पोरं. सायक्लॉप्स, बीस्ट, एंजल, आइसमॅन आणि मार्व्हल गर्ल. माझं स्पष्ट मत, कर्बीने स्वतःचं उत्तम काम दुसरीकडे केलं. विक्रीही जेमतेम असावी, कारण १९७० साली ६६व्या अंकानंतर नव्या गोष्टीच थांबल्या. ६७ ते ९३ हे अंक जुन्याच गोष्टींची पुनर्मुद्रणं आहेत. म्हणजे आमच्या गणितज्ञाने नेटाने एकापासून वाचत नेलं असतं, तर वाटेत सत्तावीस अंक पुन्हा तेच वाचावं लागलं असतं.

खरा जन्म १९७५चा, 'जायंट-साइझ एक्स-मेन'चा पहिला अंक. लेखक लेन वाइन, चित्रकार डेव्ह कॉक्रम. केनियातून स्टॉर्म, सायबेरियातून कोलोसस, जर्मनीतून नाइटक्रॉलर, कॅनडातून वूल्व्हरिन. एकमेकांची भाषा, खाणं, सवयी काही जुळत नाही आणि सगळे एका छपराखाली. मला हे वाचताना डिसेंबरातल्या आमच्या मागच्या खोल्या आठवतात. फरक इतकाच की आमच्याकडे भांडण नळाच्या पाण्यावरून व्हायचं. त्या अंकात क्राकोआ नावाचं बेटच राक्षस निघतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्यानंतर क्लेअरमाँटने सूत्रं घेतली आणि १९९१पर्यंत सोडली नाहीत. सोळा वर्षं एकच लेखक! म्हणून ही मालिका कादंबरीसारखी वाचता येते. जानेवारी १९८०च्या १२९व्या अंकात किटी प्राइड येते, वय साडेतेरा. तिचं डोकं सारखं दुखतंय, आईवडील वेगळे होण्याच्या बेतात आहेत, आणि एकाच दिवशी दोन शाळांची माणसं तिला न्यायला दारात उभी राहतात. एक्स-मेनपैकी तिघं तिला आइस्क्रीमच्या दुकानात नेतात आणि तिथे भिंत फोडून मारेकरी आत येतात. ही माणसं कोण, त्यांना काय येतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे किटीला जितकं ठाऊक नाही तितकंच तुम्हाला. तिच्याबरोबर तुम्हीही आत शिरता.

आणि एक कारागिरीची गोष्ट, जी माझ्या मते कुठून सुरू करायचं याची खरी किल्ली आहे. त्या काळी हे अंक स्टँडवरून सुट्टे विकले जायचे, कोणाच्या हाती कुठला लागेल याचा नेम नसे. त्यामुळे जो अंक हाती येईल तो कोणाचा तरी पहिलाच, असं धरून लिहायचे. प्रत्येक अंकात पात्र आपली शक्ती काय ते एकदा बोलून दाखवतं, आणि जुन्या घटनेचा उल्लेख आला की चौकटीत फुलीची खूण करून संपादक खाली अंक क्रमांक देतो. सलग वाचताना याचा वैताग येतो. कोलोसस पोलादाचा होतो हे आम्हाला दर महिन्याला सांगायची गरज नाही, बाबांनो! पण सुकट बांधायच्या गठ्ठ्यातून सापडलेलं कॉमिक मला समजलं ते या वैतागामुळेच. हल्लीची कॉमिक्स पाच-सहा अंकांचं मिळून एक पुस्तक होणार या हिशेबाने लिहितात. त्यात मधून शिरलात तर बुडालात. म्हणून जुनं कुठूनही उचला, नवं मात्र नेमकं जिथे लेखक बदलतो तिथून.

१२९ ते १३७ हा 'डार्क फिनिक्स'चा भाग. जीन ग्रेच्या (पहिल्या पाचांतली मार्व्हल गर्ल ती हीच) अंगात एवढी शक्ती येते की ती एक तारा गिळते आणि त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मरतात. क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी ठरवलेला शेवट वेगळा होता, जीनची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचं. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले की एवढ्या हत्येला एवढीशीच शिक्षा नाही चालणार. शेवट पुन्हा लिहावा लागला आणि १३७व्या अंकात जीन मरते. संपादकाच्या हट्टाने गोष्ट सुधारल्याचं उदाहरण विरळाच, हे त्यातलं एक. (गोष्ट फुटली म्हणून ओरडू नका, १९८०ची आहे.)

त्याला लागूनच १४१ आणि १४२, 'डेज ऑफ फ्युचर पास्ट'. फक्त दोन अंक. त्यातला भयाण भविष्यकाळ २०१३ सालचा आहे. तो मागे पडूनही आता बरीच वर्षं झाली, पण गोष्ट शिळी झालेली नाही. मग १९८२चं 'गॉड लव्ह्ज, मॅन किल्स' हे स्वतंत्र पुस्तक. यात खलनायक एक धर्मोपदेशक आहे, त्याच्याकडे कसलीही अचाट शक्ती नाही, माईकवर बोलून लोकांना भडकवतो. भाच्याला मी हे मुद्दाम वाचायला लावणार आहे.

आणि मग १८६. स्टॉर्मची शक्ती गेलेली असते तेव्हाच तिचे सर्वांत चांगले अंक येतात, असं मी कोणाशीही वाद घालून सांगीन. २०१व्या अंकात ती नुसत्या हातापायांनी आणि डोक्याने सायक्लॉप्सला हरवून नेतृत्व मिळवते.

१९८६च्या अखेरीपासून चार-चार मासिकांत पसरलेल्या गोष्टी सुरू होतात. मी त्या वाचल्या आहेत. तुम्ही नाही वाचल्यात तरी चालेल.

'अंक १' या पाटीला मात्र भुलू नका. १९९१ साली 'एक्स-मेन' नावाची नवी मालिका काढली, पहिला अंक वेगवेगळ्या कव्हरांत, आणि ऐंशी लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यावर १ छापलंय, पण आत अठ्ठावीस वर्षांचं सामान तसंच आहे. शिवाय क्लेअरमाँट तिसऱ्याच अंकानंतर निघून गेला. तेव्हापासून किती वेळा पुन्हा १ पासून आकडे सुरू केले ते कंपनीलाच ठाऊक. 'अनकॅनी' ५४४वर थांबवली आणि लगेच पुन्हा १ काढला. आकडा बघू नका, कव्हरवर लेखकाचं नाव बघा. २००१चा ग्रँट मॉरिसन ('न्यू एक्स-मेन' ११४पासून, म्हणजे बघा, इथेही दार १वर नाही), २००४चं 'अस्टॉनिशिंग एक्स-मेन' आणि २०१९चं जोनाथन हिकमनचं 'हाउस ऑफ एक्स'. यात क्राकोआ परत येतं, आणि या वेळी राक्षस नाही, तर म्युटंटांचा देश म्हणून. १९७५चा अंक वाचलेला असला तर तिथे गालातल्या गालात हसता येतं. न वाचलेल्याचंही काही बिघडत नाही.

कागदावर वाचायचं असेल तर 'एपिक कलेक्शन'चे पेपरबॅक घ्या. ऑम्निबस, म्हणजे पुष्कळ अंक एकत्र बांधलेली जाडजूड पुस्तकं, दिसतात सुंदर, पण उताणं पडून वाचायला घेतलंत तर नाकावर आपटतात, आणि आपल्या पावसाळ्यात जाड पुस्तकाला बुरशी आधी बांधणीत धरते. माझा १८६ पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात आहे, डांबराच्या गोळ्या घालून. कसर लागायची ती आधीच लागलीय. अजून थोडा बांगड्याचा वास येतो, किंवा मला तसं वाटतं.

गेल्या रविवारी भाचा तो डबा बघायला हरमलला आला. १३७वर पोचला होता, तोंड उतरलेलं. आई पडवीत खुर्चीवर बसून आमचं ऐकत होती. मध्येच म्हणाली, "ती पावसाची बायल गो. तिचो पावस परत मेळ्ळो?"

मी म्हटलं, "मेळ्ळो आई. तीन-साडेतीन वर्सांनी."

"कोणें दिलो?"

"ज्याणें व्हेल्लो ताणेंच."

आईने जरा विचार केला आणि भाच्याला म्हणाली, "जेवन वच रे."