चढावर तुटणारा करंट: पद्मिनीचं काम कुठवर आलं

बिघाड सापडला. कॉइलपासून (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करते ती) डिस्ट्रिब्युटरकडे (ती ठिणगी चारही प्लगना वाटतो तो) जाणारी जेमतेम वीतभर वायर निघाली. ती कशी सापडली ते मात्र सविस्तर लिहितो, कारण अधूनमधून होणारा बिघाड पकडायची ही रीत सीबी पॉइंटवर (डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) चालणाऱ्या कुठल्याही गाडीला लागू पडेल. फियाट असो, अँबेसेडर असो की जुनी जीप.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी 1984 ची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. सपाटीवर तक्रार शून्य. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की इंजिन कट व्हायचं, लगेच परत यायचं, पुन्हा कट. एकामागून एक झटके. कधीकधी पूर्ण बंद. बाजूला घेऊन बोनेट उघडावं तर पहिल्या सेल्फला चालू, जणू काही झालंच नाही.

ज्याला ज्याला सांगितलं त्याने एकच निदान केलं: एअर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. पेट्रोल पंप तापतो, ओलं फडकं ठेवा. सल्ला अगदीच निराधार नाही. जुन्या फियाटला उन्हाळ्यात घाटात तसं होतंही. पण पेट्रोल कमी पडलं की इंजिन आधी खोकतं, ओढ जाते, आणि मग हळूहळू मरतं. माझं इंजिन किल्ली फिरवल्यासारखं एका क्षणात जात होतं आणि तितक्याच झटक्यात येत होतं. असं तडकाफडकी जाणं-येणं विजेचंच असतं. तरी खात्रीसाठी इंजिन थंड असताना कार्ब्युरेटरची नळी काढून बाटलीत धरली, कॉइलची मधली वायर (डिस्ट्रिब्युटरला ठिणगी नेणारी) बाजूला ठेवली आणि सेल्फ मारला. पेट्रोल भरपूर. तो विषय तिथेच संपवला.

आणखी एक खूण फुकटात मिळाली. गाडी पूर्ण बंद पडून घरंगळत थांबली तेव्हा डॅशबोर्डवरचा डायनामोचा लाल दिवा लागला होता आणि पेट्रोलचा काटाही जागेवर होता. इग्निशन स्विच आतून सुटत असता तर दोन्ही गेले असते. म्हणजे स्विचपर्यंत सगळं ठीक होतं.

इथून पुढे बहुतेक जण कॉइल बदलतात, मग कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा), मग पॉइंट, मग कॅप आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि त्याच्या आत फिरणारा तुकडा). मला ती पद्धत मान्य नाही. एक तर हल्ली पेठेत मिळणारे नवे कंडेन्सर कधीकधी गाडीतल्या जुन्यापेक्षा कच्चे निघतात, आणि चालू जुना काढून तसला नवा बसवला की एका बिघाडाचे दोन होतात. दुसरं म्हणजे चार वस्तू एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तरी तो कशाने गेला ते कधीच कळत नाही. त्यात हा बिघाड गाडी उभी केली की गायब होतो. मग गॅरेजमध्ये कितीही मोजमाप करा, सगळं ठणठणीतच दिसणार. मोजायचं तर चढावरच, गाडी चालू असताना.

म्हणून दोन वायरी बोनेटमधून आत घेतल्या. एक कॉइलच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरून, छोटा फ्यूज लावून, डॅशबोर्डवर ठेवलेल्या टेस्ट लॅम्पला. दुसरी कॉइलच्या निगेटिव्हवरून, म्हणजे जिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते तिथून, काट्याच्या जुन्या मल्टिमीटरला, 50 व्होल्टच्या रेंजवर. या जागी लॅम्प लावू नये. पॉइंट उघडतात त्या क्षणी तिथे दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो आणि बल्ब त्यातली ताकद खातो, ठिणगी कमजोर होते. डिजिटल मीटरचे आकडे तिथे नुसते नाचतात. काट्याचा मीटर सरासरी दाखवतो आणि आपल्याला हवी असते ती सरासरीच. 3000 आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात, त्यातली एकेक उघडझाप बघून उपयोगही नाही. दोन्ही वायरी प्लगच्या वायरींपासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बांधल्या.

आता काट्याचा अर्थ, कारण सगळी गंमत यातच आहे. पॉइंट मिटलेले असताना निगेटिव्ह टर्मिनलवर शून्य व्होल्ट असतात, उघडले की बॅटरीइतके. मिटलेला काळ उघड्या काळापेक्षा जास्त, म्हणून इंजिन चालू असताना काटा चार ते सहाच्या मध्ये स्थिर राहतो. गाडी कट झाली आणि लॅम्पही विझला, तर दोष बॅटरी ते कॉइल या टप्प्यात. लॅम्प चालू आणि काटा शून्यावर, तर पॉइंटकडची बाजू कुठेतरी बॉडीला चिकटतेय, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट होतोय. लॅम्प चालू आणि काटा उडी मारून बारा-तेरावर, तर पॉइंटकडचा रस्ता तुटतोय. आणि लॅम्प चालू, काटाही चार-सहावरच, तरी इंजिन गेलं, तर पॉइंट त्यांचं काम करतायत आणि दोष पुढे आहे: कॉइलच्या आतलं बारीक वायंडिंग, रोटर, कॅप किंवा मधली वायर. एका नजरेत अर्धी गाडी निर्दोष ठरते.

मीटर चालवणाऱ्याने बघायचा नाही. पुतणीला शेजारी बसवलं आणि दिवे घाट गाठला. पहिल्या वळणांवर काही नाही. पुढे ट्रकच्या मागे दुसरा टाकला, पाय दाबला, आणि पहिल्या झटक्यालाच ती ओरडली, "काका, काटा तेरावर! दिवा चालूच आहे!" मग परत चारवर, परत तेरावर, झटक्याबरोबर नेमका. वर सासवडकडे सपाटी लागल्यावर काटा शांत.

म्हणजे तुटत होतं ते कॉइल ते पॉइंट एवढ्याच टप्प्यात. घरी येऊन आधी पॉइंट बघितले. स्वच्छ, गॅप बरोबर, खड्डे नाहीत, म्हणजे कंडेन्सरही चांगला. मग ती वायर. ओहममध्ये मोजली तर शून्य, कारण एखादी तार जरी टेकलेली असली तरी मीटरच्या क्षुल्लक करंटला ती पुरते. खरी परीक्षा करंट वाहताना: पॉइंट मिटलेले, किल्ली चालू, आणि मीटर वायरच्या दोन टोकांना. या कॉइलमधून साधारण चार अँपिअर जातात. धड वायरवर एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको. वायर डिस्ट्रिब्युटरकडच्या थिंबलपाशी (टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) जरा वाकवली आणि मीटर थेट काही व्होल्टवर गेला. (हे झटपट उरकावं. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू ठेवली की कॉइल तापते.) रबर सोललं तर आतल्या बहुतेक तारा तुटून काळ्या पडलेल्या, बाहेरून मात्र वायर नवीसारखी.

घाटच का, याचं उत्तरही तिथेच मिळालं. माझ्या गाडीत कॉइल बॉडीवर आहे आणि डिस्ट्रिब्युटर इंजिनवर. जोर लावला की इंजिन माउंटिंगवर एका अंगाला कलतं, आणि खालच्या गिअरमध्ये हा पीळ सर्वात जास्त. वायर होती आखूड. इंजिन कललं की ती ताणली जायची, तारा सुटायच्या, करंट जायचा. करंट गेला की जोर संपला, इंजिन सरळ झालं, तारा पुन्हा जुळल्या, इंजिन पुन्हा ओढायला लागलं. एकामागून एक झटके त्यामुळेच. घाटापर्यंत इंजिन तापलेलं असतंच, म्हणून सगळे उष्णतेला दोष देत होते.

नवीन वायर नाना पेठेतून आणली, बारीक आणि भरपूर तारांची, म्हणजे लवचिक. थिंबल दाबून बसवलं, कथील लावलं नाही. कथील तारांमध्ये वर चढतं आणि जिथे संपतं तिथेच वायर पुढे तुटते. मधे सैल वळण सोडलं. मीटर तसाच ठेवून घाट पुन्हा चढलो, काटा हलला नाही.

काम अजून बाकी आहे. वायर आखूड होती तरी इंजिनने इतकं कलायला नको होतं. एका बाजूचं माउंटिंगचं रबर बसलंय, ते आता बदलायचं आहे. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश तपासणार, कारण आयडलिंगला काटा किंचित थरथरतो. कॅमच्या चारही टोकांवर पॉइंटचा गॅप वेगवेगळा निघाला तर बुश गेला असं समजून डिस्ट्रिब्युटर खाली उतरवेन. कोणाकडे फियाटचा घट्ट शाफ्टचा डिस्ट्रिब्युटर चालू गाडीवर असेल, तर आयडलिंगला काटा किती स्थिर राहतो ते जरूर कळवा.