एकवीस दिवसांची वही

कार्तिक. पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला, तूर अजून हिरवी आहे. अशा दिवसांत कॅन्सर निघालेल्या घरी जो तो येतो, छपरीत टेकतो आणि एकच सांगून जातो, "धीर धरा." सांगणाऱ्याचं मन खरं असतं. पण धीर धरायचा म्हणजे नेमकं काय धरायचं, ते कोणी सांगत नाही. आज तेच लिहून ठेवावंसं वाटलं.

रोगी रडला म्हणून गाठ वाढत नाही आणि हसत राहिला म्हणून विरघळत नाही. "मन खंबीर ठेव, म्हणजे बरा होशील" असं ऐकून ऐकून माणूस खचलेल्या रात्री स्वतःलाच दोष देऊ लागतो. हे ओझं कोणी कोणाच्या डोक्यावर ठेवू नये. खेड्यातल्या घरात खरा धीर येतो तो साध्या माहितीने. आज कितवा दिवस, आज काय होऊ शकतं, झालंच तर पहिलं काय करायचं. एवढं ठाऊक असलं की रोग्याचं मन थाऱ्यावर येतं, आणि त्याहून जास्त त्याच्या बायकोचं, लेकाचं.

म्हणून वही. शाळेची, शंभर पानी चालते. किमोची, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी, बरीच औषधं 21 दिवसांच्या फेरीने देतात, काही दर आठवड्याला, काही 14 दिवसांनी. आपली फेरी कितीची ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं. सलाईन लागलं तो पहिला दिवस. पानावर 1 ते 21 आकडे एकाखाली एक, आणि पुढे ताप, वजन, जेवण, संडास, तोंड असे रकाने.

पहिले दोन-तीन दिवस उलटीचे. इथे चूक ही होते की उलटी झाल्यावर गोळी घेतात. गोळी ठरल्या वेळी आधीच घ्यायची असते, मळमळ असो वा नसो. याच गोळ्यांनी पुष्कळांना संडास कडक होते, त्यावरचं औषध तिथेच मागून आणावं. साधारण 48 तास औषधाचा अंश लघवी-उलटीतून जातो, तेव्हा साफसफाई करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि संडासात दोनदा पाणी ओतावं. ही काळजी औषधाची आहे, रोगाची नाही. कॅन्सर उष्ट्याने लागत नाही, शेजारी बसल्याने लागत नाही. तरी काही घरांत ताट-पेला वेगळा काढतात. त्या वेगळ्या ताटाने माणूस जितका आतून मोडतो तितका किमोने मोडत नाही. ताट एकच ठेवा.

सातव्या ते चौदाव्या दिवसाभोवती वहीत लाल पेनाने चौकट करावी. किमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते, त्यात हाडातल्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही सापडतात. या दिवसांत त्या सर्वांत कमी असतात. एरवी अंगावर निघून गेला असता असा साधा जंतूही काही तासांत जिवावर उठतो. म्हणून या आठवड्यात सडा-सारवण, गोठ्याचं शेण, वावरातली माती यांत रोग्याने हात घालू नये. पाणी उकळलेलं, जेवण गरम, फळ सोलून खाण्याचं. भेटायला येणाऱ्यांना अंगणातच खुर्ची द्यावी. पाहुणे रुसतील असं वाटतं, पण कारण सांगितलं तर कोणी रुसत नाही.

घरात एक डिजिटल थर्मामीटर हवाच. काख आधी पुसून कोरडी करायची, टोक काखेच्या अगदी खोलात, दंड अंगाला घट्ट, आणि बीप वाजेपर्यंत बोलणं-हलणं नाही. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो, हे ध्यानात ठेवावं. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, की सकाळची वाट पाहायची नाही. थंडी वाजून अंग थरथरलं तर आकडा कमी दिसला तरीही नाही.

घात होतो तो इथेच. ताप आला की घरातली पॅरासिटामॉल दिली जाते, ताप उतरतो, सगळे निवांत झोपतात. आतला जंतू मात्र वाढतच असतो. किंवा गावातच एक सुई, एक सलाईन टोचून घेतात आणि रात्र जाते. गोळी न देता आधी दवाखान्याच्या नंबरवर फोन लावावा, फाईल उचलावी आणि निघावं. गाडी नसेल तर 108. दारात पहिलं वाक्य, "किमो चालू आहे, आज नववा दिवस, ताप इतका." या एका वाक्याने रांग बदलते, कारण पुढच्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं असतं.

आपल्याकडे खर्ऱ्यामुळे, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणामुळे, तोंडाच्या कॅन्सरचे रोगी फार. त्यांच्या वहीत तोंडाचा रकाना रोज भरलेला हवा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा, चमचा चहाचा. दिवसातून पाच-सहा वेळा, जेवणानंतर नक्की, गुळण्या करून थुंकायचं. उरलेलं रात्री फेकायचं, सकाळी नवं करायचं. तिखट, संत्र्याचा रस आणि स्पिरिटवाला माउथवॉश बंद. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, घोटलेलं वरण, पूर्ण शिजवून मऊ कुस्करलेलं अंडं जातं. गिळताच येत नसेल आणि वजन आठवड्याला उतरत असेल तर नाकातून नळीची गोष्ट निघते. नळीला लोक भितात, ती म्हणजे शेवट असं समजतात. शेकाईचे, म्हणजे रेडिएशनचे, दिवस निभावून नेण्यासाठी ती असते, नंतर बहुतेकांची निघते.

शेकाई साधारण सहा-सात आठवडे, सोमवार ते शुक्रवार. घेताना दुखत नाही, टेबलावर मिनिटांचंच काम. दात आधी दाखवायचे, कारण शेकलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम भरता भरत नाही. अंगावरच्या खुणा पुसू द्यायच्या नाहीत, गळ्याला जुनं मऊ सुती कापडच लागू द्यायचं. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज. उभी तीन बोटं मावतात का, ते वहीत लिहायचं.

आणि मधला खंड. कापूस वेचायचा आहे, मजूर मिळत नाही, चार दिवस जाऊन येतो. किंवा दोन-तीन किमोत गाठ हाताला लागेनाशी झाली, आता कशाला. हे ऐकलं की काळजात चर्र होतं. हाताला लागत नाही म्हणून गाठ पुरती गेली असं नसतं, उरलेल्या पेशी खंड मिळताच पुन्हा वाढतात. वेचणीला शेजारी मागता येतात, शेकाईचा बुडालेला दिवस तसा मागता येत नाही.

पैशाची धास्तीही धीर खाते. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, कुठेही जा, आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्राला गाठा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसलं की काम अडतं, ते गावातूनच दुरुस्त करून निघावं. बायोप्सीचा (गाठीचा तुकडा तपासल्याचा) मूळ रिपोर्ट जपावा, झेरॉक्स दोन-दोन. मुंबईला पाठवलं तर रेल्वे सवलतीचा फॉर्म दवाखान्याकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावा, स्लीपरमध्ये रोग्याला पूर्ण माफी आणि सोबत्याला 75 टक्के आहे. दादरला धर्मशाळा आहे, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची.

केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात, सगळ्याच औषधांनी नाही. बाईमाणसाला हे तब्येतीपेक्षा जड जातं, म्हणून आधीच सांगून, हवं तर आधीच बारीक कापून घ्यावेत. उपचार संपल्यावर परत येतात.

पंधराव्या दिवसानंतर तोंडाला चव येते. जे आवडतं ते तेव्हाच करून घालावं, दूध, शेंगदाणे, डाळ भरपूर. विसाव्या दिवशी रक्ततपासणी, आणि वहीच्या खाली डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न, तीनच. चौथा आत गेल्यावर आठवत नाही. वहीला दोऱ्याने पेन बांधून ती बाजेच्या खुराला लटकवावी, रात्री दोनला पेन सापडत नसतो.